कलंदराच्या शेजारी

३ फेब्रुवारी

विहीणबाई,

आम्ही दोघं सुखरूप घरी पोचलो. प्रवासात यांचा पाय थोडा आखडला, बाकी काही त्रास नाही. तुम्ही चार दिवस आमचं इतकं केलंत की आता घरचा चहासुद्धा यांना पांचट लागतो.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी "सगळं बरं ना?" "हो, बरं," एवढं बोलतो आणि फोन दुसऱ्याच्या हातात देतो. पोटातलं पोटातच राहतं. मला बसून लिहिलं की सुचतं. कापड टेबलावर पसरल्याशिवाय माझी कात्री चालत नाही, तसंच हे.

तर स्पष्टच लिहिते, राग मानू नका. लग्नाच्या गडबडीत मी तुमच्या घराच्या आजूबाजूला नीट पाहिलंच नव्हतं. या खेपेला तुमच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन खिडकीकडे वळले आणि समोर तो घड्याळाचा मनोरा. आधी वाटलं, मीच वाकडी बसलेय. मान सरळ केली, खुर्ची सरळ केली, तरी तो आपला वाकडाच! तुम्ही मात्र त्याच्याकडे पाठ करून निवांत बिस्कीट बुडवत होतात.

अहो, तो उद्या पडला तर? एवढा मोठा मनोरा, शेजारी तुमचं घर, घरात माझी एकुलती एक लेक. बांधणाऱ्याला तेव्हाच सरळ करता आला नाही का? माझ्याकडून बाही तिरकी बसली तर मी ती उसवून पुन्हा लावते.

तुम्हाला ठाऊक आहे, हे गवंडीकामावर होते तेव्हा परांचीवरून पडले. खाली डबा घेऊन मी उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत पडले. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून उंच काही दिसलं की मी मान खाली घालते. म्हणूनच लेक इंजिनियर झाली त्या दिवशी मी तिच्याकडून शब्द घेतला, की बाई, कचेरीत टेबलाशी बसून काय नकाशे काढायचे ते काढ, पण परांचीवर पाय ठेवायचा नाही. तो शब्द तिनं पाळलाय.

तेव्हा विनंती अशी, की लेक-जावयांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड करावं. तुम्हीही त्यांच्याबरोबर जा. दुकान काय, कुठेही चालेल.

आपली,
मुलीची आई


१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

राग कसला? तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि एकटीच हसत बसले. गिऱ्हाईक म्हणालं, "फ्रेमवाल्या बाईंना झालंय तरी काय?"

पहिली गोष्ट, मनोरा आमच्या घराकडे झुकलेला नाही. नीट आठवा. तो पलीकडे, मोकळ्या चौकाकडे झुकलाय. आमच्याकडे त्याची पाठ आहे. म्हणून तर मीही त्याच्याकडे पाठ करून बसते, फिट्टंफाट!

आता त्याची कुळकथा ऐका. इथे त्याला सगळे 'कलंदर' म्हणतात. कललेला आहे म्हणून, आणि कसलीच फिकीर नाही म्हणूनही. गावाला दोन गोष्टी हव्या होत्या, पाण्याची टाकी आणि घड्याळ. कारभाऱ्यांनी हिशोब केला की दोन कशाला, एकातच उरकू. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावर टाकी आणि टाकीखाली घड्याळ. बाहेरून नुसत्या खिडक्यांच्या रांगा आणि छज्जे, बघणाऱ्याला वाटावं किती मजले असतील! आत मात्र तीनच. बाकी सगळा थाट.

पण जागा निवडली ती बुजवलेल्या तळ्याची. पायाची एक बाजू खडकावर टेकली आणि दुसरी गाळावर. अर्धं बांधकाम झालं आणि लक्षात आलं की हा बसतोय. मुख्य गवंड्यानं वरचा भाग ओळंबा लावून सरळ बांधायला घेतला. म्हणजे धड वाकडं आणि मान ताठ! तुम्ही चौकातून बघा, मध्ये त्याला बारीकसा बाक दिसतो. मग टाकी भरली. ती काठोकाठ भरायच्या आधीच एका बाजूनं सांडायला लागली. तेव्हा सगळ्या गावाला कळलं की कलंदर पुन्हा कललाय. पुढे पाणी कायमचं काढून टाकलं, पण तोवर त्याला सवय लागली होती.

घड्याळाची तर आणखी मजा. लंबक बिचारा सरळच लटकणार, त्याला मनोऱ्याचं काय? घड्याळजीनं यंत्र जमिनीवर ठेवलं तर ते लंगडत चालायचं आणि बंद पडायचं. शेवटी त्यानं एका बाजूला लाकडी पाचरी ठोकून यंत्र सरळ केलं. त्याची वजनं खाली उतरताना भिंतीला घासायची, त्यांच्यासाठी लाकडाची पन्हळ बसवली. ती पन्हळ आमच्या सासऱ्यांनी केली. आमच्या दुकानाचं पहिलं मोठं काम तेच.

तेव्हा दुकान हलवायचं म्हणाल तर कठीण आहे. एक मात्र खरं, या गल्लीत राहून सगळ्यांची नजर बिघडलीये. भिंतीवर फ्रेम अगदी सरळ लावली तरी गिऱ्हाईक म्हणतं, "वाकडी वाटते हो." मग मी पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा मधोमध आलेला दाखवते. तरी पटत नाही.

मनोऱ्याची डागडुजी सुरू होणार आहे असं कानावर आलंय. तुमच्या मनाला तेवढाच धीर.

तुमची,
मुलाची आई


९ एप्रिल

विहीणबाई,

लेक आठवडाभर राहून काल परत गेली. ती असताना लिहायचं टाळलं, कारण तिनं पत्र बघितलं असतं.

मी माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं तेच लिहिते. पोर निम्मी झालीये. चेहरा उन्हानं रापलाय. डोकं धुवायला बसवलं तर केसांतून चुन्याची पांढरी धूळ निघाली. तळहात हातात घेतले तर खरखरीत, नखं तुटलेली. दुपारी जेवून जी आडवी झाली ती दिवेलागणीला उठली. मी विचारलं, "कचेरीत काय करतेस गं?" तर म्हणते, "नकाशे." नकाशे काढून हाताला घट्टे पडतात?

मी शिवणाचे वर्ग चालवते. दिवसभर बायका येतात, सुनांची गाऱ्हाणी ऐकते, सासवांचीही ऐकते. मला वाटायचं, माझ्या लेकीच्या बाबतीत असलं काही नाही. तुमच्या दुकानात लाकडं कापणं, घासणं, चुना-खळीचा लेप लावणं ही कामं असतात हे मी पाहिलंय. कचेरीतून आल्यावर तिला त्या कामाला जुंपत असाल तर सरळ सांगते, मला ते आवडलेलं नाही. हाताखाली माणूस हवं असेल तर पगारी ठेवा.

हे म्हणाले, "उगीच काहीतरी लिहू नकोस." पण आई आहे मी.

आपली,
मुलीची आई


२० एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र मिळालं.

हो, दुकानात काम बरंच असतं, आणि सूनबाईचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, ती स्वस्थ बसत नाही. मला तिला थांबवायला हवं होतं. यापुढे तिला फ्रेमच्या कामाला हात लावू देणार नाही, हा शब्द.

तिच्या खाण्यापिण्याकडे मी स्वतः लक्ष देईन.

जास्त काय लिहू?

तुमची,
मुलाची आई


८ मे

ताई,

विहीणबाई म्हणायला आज लाज वाटतेय, म्हणून ताई लिहिते.

काल संध्याकाळी आमच्याकडे शेजारचा न्हावी यांच्याशी गप्पा मारत बसला होता. मी आत बटणं लावत होते. हे मोठ्या तोंडानं सांगत होते, "तो मनोरा आता थांबणार बघ. पोरीनं बरोबर ओळखलंय. उंच बाजूची माती थोडी थोडी काढायची, म्हणजे तो स्वतःच्याच वजनानं मागे रेलतो. कालच वरून ओळंबा सोडून बघून आली." माझ्या हातातली सुई बोटात गेली.

बाहेर आले. विचारलं, "कोण वरून बघून आली?" न्हावी चपला शोधायला लागला. यांचा चेहरा असा झाला की पुन्हा पडले की काय असं वाटावं!

मग सगळं बाहेर आलं. मनोऱ्याचं काम माझ्या लेकीकडेच आहे. डागडुजी सुरू झाल्यापासून ती रोज वर चढते. बापाला पहिल्या दिवसापासून माहीत. जावयांना माहीत. तुम्हाला माहीत. न्हाव्यालासुद्धा माहीत! मी एकटी तेवढी खुळी.

मी रात्रभर यांच्याशी बोलले नाही. पण ताई, राग ओसरल्यावर मला तुमचं ते चार ओळींचं पत्र आठवलं. मी तुम्हाला नको नको ते लिहिलं. सुनेला राबवता म्हणाले. आणि तुम्ही "हो" म्हणालात? तुमचा काही दोष नसताना? एक शब्द उलटा बोलला असतात तर मी गप्प बसले असते. माझी बोलणी का खाल्लीत?

उत्तर पाठवा. आणि मी येतेय. तिला सांगू नका, नाहीतर ती माझ्यासाठी टेबलाशी बसून दाखवेल.

मुलीची आई


१४ मे

ताई,

बोटाला औषध लावलंत ना?

खरं सांगू? तुमचं ते पत्र आलं तेव्हा मी काही थोर मनानं गप्प बसले नाही. दोन दिवस नाकावर राग होता. एक खरमरीत उत्तर लिहिलंही आणि फाडलं. पण सूनबाईनं कामाला लागायच्या आदल्या दिवशी माझे हात धरून सांगितलं होतं, "आईला कळलं तर ती खाणंपिणं सोडेल. काम पुरं झालं की मीच सांगेन." मी हो म्हणून बसले होते. आता खरं सांगावं तर तिचा शब्द मोडतो, खोटं सांगावं तर मला जमत नाही. तुम्ही मला आयतं एक कारण लिहून पाठवलंत, तेच मी वापरलं. खडूस सासू व्हायला फारसं काही करावं लागत नाही हो, लोक लगेच विश्वास ठेवतात.

आता उघड झालंच आहे तर पुढचंही ऐका. मनोऱ्याला नव्या भेगा दिसल्या म्हणून हे काम निघालं. मनोऱ्यासाठी गावानं नेमलेल्या समितीतले बरेचजण म्हणत होते की वरचा मजला घड्याळासकट उतरवून टाकावा, कटकट नको. सूनबाई त्यांच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "त्याला सरळ करायचं नाही आणि तोडायचंही नाही. फक्त जिथे आहे तिथे थांबवायचं." त्यांनी तिला मुदत दिली. माती काढून झाली की ओळंब्याची खूण करून ठेवायची, आणि पुढे ती हलते का ते बघणार. हलली नाही तर कलंदर वाचला. हलली तर वरचा मजला उतरवायचा, आणि तोही तिच्याच देखरेखीखाली. पोरगी तेव्हापासून जेवताना बोलत नाही.

आणि मला भीती वाटत नाही असं समजू नका. ती वर गेली की मी फ्रेम चुकीची कापते. मुलगा इस्पितळात कामावर असतो, तिथून दोनदा फोन करतो, "खाली आली का?" तेवढंच विचारतो.

जरूर या. कोणाला सांगत नाही. बसथांब्यावर मी येईन.

मुलाची आई


२१ जून

ताई,

तुम्ही गेलात आणि घर रिकामं वाटायला लागलं. तुम्ही दुकानात माझ्या मापपट्टीला नावं ठेवलीत, माझे सगळे पडदे उसवून पुन्हा शिवलेत, आणि स्वयंपाकघरातली माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलीत. ती मी तशीच ठेवलीये.

तुम्ही थांबला असतात तर बरं झालं असतं, पण वर्गातल्या मुली खोळंबल्या होत्या, मला कळतं. म्हणून कालचं सगळं लिहिते.

समिती सकाळीच आली. सूनबाईनं मनोऱ्याच्या आत वरून खालपर्यंत ओळंबा सोडला होता. खाली फरशीवर तिनं माती काढून झाल्यावर केलेली खूण होती. दाराशी आम्ही सगळे, म्हणजे मी, मुलगा, चौकातले दुकानदार, शाळेचे दोन मास्तर. दार लावून घेतलं, वारा नको म्हणून. आत काय चाललंय ते दिसेना. मुलगा बाहेर येरझाऱ्या घालत होता. मी म्हटलं, "अरे, तू काही बाळंतपणाला आलेला नाहीस." तर म्हणाला, "आई, त्याहून अवघड आहे हे."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. समितीचे अध्यक्ष गुडघ्यावरची धूळ झटकत बाहेर आले, म्हणजे ते खाली बसून बघत होते. म्हणाले, "हलला नाही." एवढंच. मग आत वळून म्हणाले, "बाई, तुमच्या कलंदराला समज आलेली दिसते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई बाहेर आली ती थेट माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. तिच्या केसांतली धूळ माझ्या कपड्यांवर आली, ती मी अजून झटकलेली नाही.

दुपारी घड्याळजीनं यंत्राच्या पाचरी पुन्हा नीट केल्या, कारण मनोरा किंचित मागे आल्यानं जुन्या पाचरी जास्त झाल्या होत्या. लंबकाला हात लावला. डागडुजीसाठी बंद ठेवलेल्या घड्याळाचे इतक्या महिन्यांनी टोले पडले तेव्हा चौकातली सगळी माणसं बोलायची थांबली. त्यातही दोन टोले जास्त पडले, म्हणून सगळे हसले.

आता एक विचारायचंय. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर वर गेलात. मी कितीदा म्हटलं, "नका जाऊ, पाय लटपटतील," पण तुम्ही चपला काढून चढलातच. मी खाली उभी राहून देवाची नावं घेत होते. दोघी उतरलात तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तुम्ही दोघी हसत होतात. मी तिला विचारलं तर म्हणते, "धूळ गेली डोळ्यांत." इतके महिने रोज चढतेय, धूळ नेमकी त्याच दिवशी गेली? वर काय झालं ते सांगा. मी तुम्हाला विचारलं हे तिला सांगू नका.

तुमची,
मुलाची आई


३० जून

ताई,

शेवटचा प्रश्न सोडून तुमचं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टोल्यांपाशी यांनी टेबलावर अशी थाप मारली की माझी सगळी टाचण्यांची डबी सांडली. मग दोघं गुडघ्यावर बसून टाचण्या वेचत होतो आणि हे आपले हसत होते.

वर काय झालं ते सांगते, पण हे आपल्या दोघींत ठेवा.

मी चपला काढल्या कारण अनवाणी पायाला पायरी कळते. ती पुढे, मी मागे. जिना अरुंद, एका बाजूला आपण भिंतीवर रेलतो आणि पुढच्या वळणावर भिंतच आपल्यापासून लांब जाते. मी एकेक पायरी पायानं चाचपत होते. पहिल्या वळणापाशी मी थांबले. बघते तर तीही थांबली होती. भिंतीला हात लावून, डोळे मिटून.

मी विचारलं, "काय गं, काय झालं?"

म्हणाली, "काही नाही. इथे मी रोज थांबते."

"कशाला?"

"भीती वाटते, आई. रोज वाटते. इथवर येईपर्यंत तळव्यांना घाम फुटतो. जरा थांबले की जातो, मग पुढे जाते."

ताई, मी त्या पायरीवर बसलेच. म्हटलं, "मग हे काम का घेतलंस? कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? बाबांना वाटतं मी वाघीण आहे. सासरी सांगितलं तर दोघं घाबरतील. समितीला सांगितलं तर म्हणतील, बाईला झेपत नाही. आणि तुला सांगितलं तर तू येऊच दिलं नसतंस."

"आणि मनोरा? तो पाडला असता तर तुझी सुटका झाली असती."

तेव्हा ती हसली. म्हणाली, "तो वाकडा आहे पण उभा आहे ना गं. पाडायचं कसं?"

मग रडू आलं तिला. मलाही. दोघी त्या अंधाऱ्या जिन्यात बसून रडलो आणि मग मी तिला सांगितलं ते कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. हे पडले त्यानंतर कितीतरी महिने मला घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचीही भीती वाटायची. तरी रोज जायची. कपडे वाळायला तर हवेत! जिन्याच्या वळणावर थांबायची, डोळे मिटायची, भिंतीला हात लावायची, मग जायची. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तू पण?" आणि मग आम्हाला जे हसू आलं ते खाली उतरेपर्यंत थांबलं नाही, तेच तुम्ही पाहिलंत.

पुढे वर गेलो. तिनं मला घड्याळाचं यंत्र दाखवलं, तुमच्या सासऱ्यांची पन्हळ दाखवली. लाकूड कुठेही फुगलेलं नाही, सांधा इतका बारीक की नखही शिरणार नाही. मग तिनं लहान खिडकी उघडली आणि खाली तुमची गल्ली दिसली, तुमचं दुकान दिसलं, दारात तुम्ही मान वर करून उभ्या होतात. मी हात हलवला, तुम्हाला दिसला नाही.

ताई, तिच्या जन्मापासून सगळे म्हणत आले की पोर बापावर गेलीये. तशीच धीट, तशीच उंचावर चढणारी. मीही म्हणत आले. घरात उठता बसता हेच. आणि त्या जिन्यात मला कळलं की ती माझ्यावर गेलीये.

यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. न्हाव्यापुढे रोज छाती फुगवून बसतात, "माझी लेक, अगदी माझ्यासारखी." मी आत बटणं लावते आणि ऐकते. मिरवू देत आणखी थोडे दिवस.

तुमची,
मुलीची आई